हॅम्लेटचा हात कोणी धरला?

निर्णय न घेणाऱ्या माणसाला ‘हॅम्लेट’ म्हणण्याची रूढी मराठी राजकीय लेखनात जुनी आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत एखाद्याने ठरावावर दोन प्रश्न अधिक विचारले, की त्याचे ‘हॅम्लेटपण’ हा चेष्टेचा विषय होतो. या चेष्टेमागे एक सिद्धान्त गृहीत धरलेला असतो: शंका माणसाला दुबळे करते आणि श्रद्धा त्याला कृतीस प्रवृत्त करते. अमरावती-अकोल्याकडील चळवळीत हाच सिद्धान्त आणखी एका कामासाठी वापरला जातो. कापसाच्या भावाविषयी बोला, पीककर्जाविषयी बोला, विम्याविषयी बोला. परंतु देव, कर्म आणि प्रारब्ध हे विषय शिबिरात काढू नका, असा सल्ला जुनेजाणते कार्यकर्ते नव्यांना देत असतात. गांजलेल्या माणसापाशी एक श्रद्धाच उरलेली असते, तीही काढून घेतली तर तो मोडून पडेल, असे त्याचे समर्थन केले जाते. मते जातील, हे दुसरे कारण सहसा मोठ्याने उच्चारले जात नाही. वस्तुतः दोहोंपैकी प्रामाणिक कारण ते दुसरेच होय. पहिले कारण मात्र तपासून पाहिले पाहिजे. आणि ज्या नाटकाच्या नायकावरून ही चेष्टा निघाली, ते नाटकच त्या तपासणीस सर्वांत उपयोगी पडणारे आहे. हे नाटक मराठीत ज्या माणसाने आणले, त्याची विचाराची घडण अकोल्यात झाली, हा योगायोगही वऱ्हाडातील वाचकाने ध्यानात घेण्याजोगा आहे.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी ठिकठिकाणी वणवण केल्यानंतर नातलगांच्या आश्रयाने ते अकोल्यास आले आणि १८७५ साली तेथूनच मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळचा वऱ्हाड कसा होता, हे अर्थव्यवहाराच्या अंगाने पाहिले पाहिजे. १८५३ पासून हा प्रांत निजामाच्या नावाचा, पण इंग्रजांच्या कारभाराचा झाला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाला न भूतो असा भाव आणला आणि युद्ध संपताच तो कोसळला. १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. अकोला आणि बडनेरा ही तिच्या वाटेवरची स्थानके. त्याच वर्षी अकोल्यात ‘वऱ्हाड समाचार’ सुरू झाला, ज्यात पुढे विद्यार्थी आगरकरांनी लेखन केले. एका दूरदेशीच्या युद्धाने शेतकऱ्याच्या घरी चार वर्षे सोने यावे आणि तह होताच सावकाराचा पाय पडावा, याला कोणत्या ग्रहाचे कारण सांगायचे? ज्या गावात आगरकरांनी इंग्रजी पुस्तके प्रथम मन लावून वाचली, ते गाव असे जगाच्या बाजारपेठेला नुकतेच जुंपले गेलेले होते.

अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी हे त्यांचे गुरू. महाजनी शेक्सपिअरचे व्यासंगी वाचक होते. ‘सिंबेलिन’ या नाटकावरून त्यांनी केलेले ‘तारा’ हे मराठी नाटक १८७९ साली प्रसिद्ध झाले. ‘द विंटर्स टेल’चे त्यांनी ‘मोहविलसित’ केले. पुढे १९०७ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. शिष्याने ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले तेव्हा त्याला नाव दिले ‘विकारविलसित’. गुरूच्या ‘मोहा’शेजारी शिष्याचा ‘विकार’ ठेवून पाहिला, की अकोल्याचे ऋण दिसते. पण या नावात अधिकही काही आहे. डेन्मार्कच्या राजघराण्याचा जो सर्वनाश नाटकात होतो तो दैवाचा खेळ आहे, असे आगरकर म्हणत नाहीत. तो मनुष्याच्या विकारांचा विलास आहे असे म्हणतात. कीर्तनातून आणि पुराणांतून ‘दैवगती’ हा शब्द उठताबसता ऐकणाऱ्या समाजासमोर, शोकान्त नाटकाच्या पहिल्या पानावर, केवळ शीर्षकातून दैवाची हकालपट्टी करणे ही लहान गोष्ट नव्हे.

या भाषांतराचा संबंध तुरुंगाशी आहे. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाचे प्रकरण ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी धसाला लावले, दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या खटल्यात जामिनाची दहा हजारांची रक्कम भरण्यास जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातील रामशेट उरवणे पुढे आले होते, ही हकीकत पुण्याच्या इतिहासात फारशी ठळक अक्षरांत लिहिली जात नाही. ‘हॅम्लेट’चे काम आगरकरांनी त्या कोठडीत केले आणि १८८३ साली, दीर्घ प्रस्तावनेसह, ते प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या भूमिकेत ते महाराष्ट्रभर गाजविले. प्रेक्षक टाळ्या देत राहिले आणि नाटकातील वैचारिक गाभा टाळ्यांच्या आवाजात बुडून गेला, अशी शंका घेण्यास जागा आहे.

तो गाभा असा. एक तरुण विद्यार्थी विद्यापीठातून घरी येतो. बाप मेलेला आहे, चुलता गादीवर बसला आहे आणि आईने त्याच्याशी लग्न केले आहे. मध्यरात्री बापाचे भूत येऊन सांगते, की माझा खून झाला, सूड घे. आता, परंपरेने वाढलेल्या कोणत्याही मुलाला एवढे पुरे व्हावे. पित्याची आज्ञा, तीही परलोकातून आलेली! आपल्याकडे ज्याला शब्दप्रामाण्य म्हणतात त्याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणार नाही. परंतु हा मुलगा थांबतो. भूत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, तरीही तो स्वतःशी म्हणतो, की हे पित्याचे रूप घेऊन आलेले एखादे सैतानी सोंग असेल. आपले मन खिन्न आहे, आणि खिन्न मनाला फसविणे सोपे असते. एका निरपराध माणसाचा जीव जाण्याचा संभव असताना केवळ वडिलांचे भूत सांगते म्हणून तलवार उपसायची काय? मग तो पुरावा उभा करण्याच्या मागे लागतो. गावात नाटकमंडळी आलेली असते. तिच्याकडून तो खुनाच्या प्रकारासारखाच एक प्रवेश करवून घेतो आणि राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेवतो. एवढेच नव्हे, तर होरेशिओ या मित्राला तो वेगळे, स्वतंत्रपणे निरीक्षण करावयास सांगतो आणि प्रयोगानंतर दोघे आपापली निरीक्षणे ताडून पाहतात. गृहीतक, प्रयोग, दोन निरीक्षक, पडताळा! प्रयोगशाळेत शिकविली जाणारी शिस्त शेक्सपिअरने येथे रंगभूमीवर आणून ठेवली आहे, आणि पडताळ्याचे साधन म्हणून जे वापरले ते नाटकच आहे. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जे सूत्राने सांगतात ते नाटक घटनेने दाखविते, याचा दुसरा पुरावा शोधावयास नको.

येथपर्यंत शंकेने हॅम्लेटला रोखलेले नाही. तिने त्याला मार्ग दाखविला; राजा प्रवेश पाहता पाहता उठून गेला आणि सत्य हाती आले. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. पुरावा मिळाल्यावर लगेचच हॅम्लेटला राजा एकटा सापडतो. तो गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे, पाठ वळलेली आहे, आणि हॅम्लेटच्या हाती तलवार आहे. येथे हॅम्लेटचा हात कोणी धरला? शंकेने? मुळीच नाही. शंका तर फिटलेली आहे. हात धरला तो श्रद्धेने. प्रार्थना करीत असताना मेलेला माणूस स्वर्गात जातो, तेव्हा याला आता मारले तर त्याला मोक्षच देऊन बसू, असा हिशेब तो करतो आणि तलवार म्यान करतो. परलोकाच्या या हिशेबापायी पुढे पोलोनिअस मरतो, ओफेलिया वेडी होऊन बुडते, लेअर्टिस मरतो, राणी मरते, हॅम्लेट स्वतः मरतो. आणि विडंबन असे, की राजाची ती प्रार्थना खरी नव्हतीच. शब्द वर जातात पण मन खालीच राहते, हे त्याने स्वतः कबूल केलेले आहे. प्रेक्षकाला ते कळते, हॅम्लेटला कळत नाही.

जगावे की न जगावे या प्रश्नापासून निघणारे प्रसिद्ध स्वगत याच अंगाने पुन्हा वाचून पाहावे. त्यात हॅम्लेट ज्या दुःखांची यादी करतो तिच्यात न्यायदानातील दिरंगाई आहे, अंमलदारांची मग्रुरी आहे, बलवंतांचा जुलूम आहे, लायक माणसाला नालायकाकडून होणारा अपमान आहे. राजपुत्राला कोर्टाच्या पायऱ्या कधी झिजवाव्या लागल्या होत्या? ही यादी राजवाड्यातली नाही. ती तहसील कचेरीच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाची आहे. आणि एवढे सगळे माणसे मुकाट का सोसतात, याचे उत्तर हॅम्लेट काय देतो? मृत्यूनंतर काय होईल या भयामुळे! ज्या देशातून कोणी परत आलेले नाही त्या देशाचे भय माणसाला या देशातील अन्याय सोसावयास लावते. हे वाक्य राजपुत्राने स्वतःच्या मरणाविषयी उच्चारले असले, तरी त्याचा सामाजिक अर्थ फार मोठा आहे. इहलोकीच्या व्यवस्थेला परलोकाचा टेकू किती उपयोगी पडतो, हे समाजवादी विचाराने पुढे दोन-अडीचशे वर्षांनी शास्त्रीय रीतीने मांडले.

यावर आक्षेप येतील, आणि ते यावेत. प्रार्थनेच्या प्रवेशातील हॅम्लेटचे कारण ही एक सबब आहे, त्याला मुळातच मारावयाचे नव्हते, असे म्हणणारे टीकाकार पूर्वीपासून आहेत. सबब असली तरी ती उपलब्ध कोणी करून दिली, हा प्रश्न उरतोच. भित्र्या माणसाला सोयीची सबब पुरविणे हेही श्रद्धेचे एक सामाजिक कार्य आहे. शेवटच्या अंकात हॅम्लेट ईश्वरी योजनेविषयी बोलतो आणि काहीसा शरणागत होतो, हेही खरे. शेक्सपिअरने नास्तिकाचे पत्रक लिहिलेले नाही. मोठे नाटक कोणाचेच पत्रक नसते. पण त्यात माणसाच्या मनाचा जो व्यवहार उघडा पडतो तो नाकारता येत नाही.

आगरकरांचे स्वतःचे आयुष्य तर या सिद्धान्ताचा जिवंत पडताळा होते. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून त्यांचा अज्ञेयवाद सिद्ध झाला. ‘देवतोत्पत्ती’ या निबंधात त्यांनी देव कसे निर्माण झाले याची मानवी मीमांसा केली, देवांनी मानव कसे निर्मिले याची नव्हे. या माणसाचा हात कोठे थांबला? श्रीमंतीची वाट त्यांनी जाणूनबुजून सोडली. १८८८ साली ‘सुधारक’ काढला. संमतिवयाच्या, विधवांच्या, स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नांवर एकटे उभे राहिले. पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. भुतावर विश्वास न ठेवणाऱ्याचे भूत करून टाकण्याचा हा खटाटोप! दम्याने जर्जर झालेला हा माणूस १८९५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच गेला. घरात यशोदाबाईंच्या देवपूजेला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. बाहेर वज्राप्रमाणे कठोर आणि घरात सहिष्णु, असा हा संशयवादी होता. शंकेने माणूस मोडतो असे म्हणणाऱ्यांनी हे चरित्र एकदा वाचावे.

आता नाटकातील कबर खणणाऱ्यांकडे वळावे लागेल, कारण वऱ्हाडाच्या आजच्या दुःखाला सर्वांत जवळचा प्रवेश तोच आहे. ओफेलिया बुडून मेली. ती आत्महत्या की अपघात? आत्महत्या असेल तर धर्माप्रमाणे विधियुक्त दफन नाही. अधिकाऱ्याने चौकशी केली आणि दफनास पात्र ठरविले. कबर खणणारे दोन मजूर यावर आपसांत वाद घालतात, आणि निष्कर्ष काढतात तो असा, की ही बड्या घरची मुलगी नसती तर हा निकाल लागला नसता. राजवाड्यातील सारे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून दोन कुदळवाले धर्मशास्त्राचा वर्गीय पाया दोन वाक्यांत सांगून मोकळे होतात.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. त्याच वर्षापासून मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याची राज्याची योजना चालू आहे आणि तीत प्रत्येक मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरविते. जमीन नावावर होती काय, नापिकी होती काय, कर्ज कोणाचे, परतफेडीचा तगादा होता काय, अशा कसोट्या लावल्या जातात. सातबारावर नाव नसलेल्या स्त्रीचे, बटईने शेती करणाऱ्याचे, खाजगी सावकाराच्या तोंडी कर्जाखाली पिचलेल्याचे मरण या कसोट्यांवर सहज घसरते. डेन्मार्कमधील चौकशी आणि जिल्हा कचेरीतील चौकशी यांत शतकांचे अंतर आहे. मेलेल्या माणसाची प्रत ठरविण्याची रीत मात्र बदललेली दिसत नाही.

या मरणाभोवती जी भाषा वापरली जाते तिच्याकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. ‘नशिबात होते’, ‘भोग होते’, ‘मागल्या जन्मीचे देणे’. ही भाषा निराधार नाही, हे अर्थशास्त्र जाणणाऱ्याने मान्य केले पाहिजे. वऱ्हाडातील कापूस बहुतांशी कोरडवाहू आहे. बियाणे, खत आणि औषध उधारीवर आणावयाचे, पाऊस आपल्या हाती नाही, बोंडअळी आपल्या हाती नाही, आणि भाव तर त्याहून नाही. एवढ्या अनिश्चिततेत जगणाऱ्याला ‘प्रारब्ध’ हा शब्द सुचला तर त्याचा उपहास करणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही. परंतु पावसाची अनिश्चितता आणि भावाची अनिश्चितता या एका जातीच्या नव्हेत. पाऊस निसर्ग पाडतो. भाव माणसे पाडतात. आयातीची परवानगी, निर्यातीवरील बंदी, हमीभावाच्या खरेदीला झालेला उशीर, हे निर्णय आहेत. त्यांवर तारखा असतात आणि सह्या असतात. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, पुढे ती निष्प्रभ होत गेली आणि अखेर मक्तेदारी उठली. ती माणसांनी आणली आणि माणसांनी घालविली. प्रारब्ध या एका शब्दाने या दोन्ही अनिश्चितता एकाच पोत्यात भरल्या जातात आणि सही करणारा हात दिसेनासा होतो. म्हणून देवाविषयीची शंका आणि भावाविषयीची शंका वेगळ्या करता येत नाहीत. जो पहिली बंद करतो तो दुसरीचेही दार अर्धे लावून घेतो.

येथे एक अवघड उदाहरण समोर ठेवले पाहिजे, नाहीतर विवेचन एकांगी होईल. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ देवलांमुळे मराठी प्रेक्षकाला परिचित आहे. त्याच्या पहिल्याच अंकात चारुदत्त मैत्रेयाला चव्हाट्यावर मातृदेवतांना बळी ठेवून यावयास सांगतो, तेव्हा हा विदूषक नकार देतो: पूजा करूनही देव प्रसन्न होत नाहीत, मग पूजेचा उपयोग काय? दरिद्री झालेल्या, तरीही सज्जन राहिलेल्या चारुदत्ताकडे पाहून विचारलेला हा प्रश्न बिनतोड आहे. (अर्थात मैत्रेयाला अंधारात बाहेर पडण्याचीही भीती वाटत असते. तत्त्वज्ञान आणि भित्रेपणा एकाच तोंडून बोलतात, असे चळवळीतही पाहावयास मिळते.) परंतु याच नाटकात स्थावरक हा गुलाम आहे. वसंतसेनेला ठार मार, तुला सोन्याची कडी देतो, असे मालक शकार त्याला सांगतो. स्थावरक मार खातो पण मारीत नाही. कारण काय देतो? परलोकाचे भय! मागल्या जन्मीच्या पापाने गुलाम झालो, आता आणखी पाप नको, असे तो म्हणतो. मालकाची सत्ता आपल्या देहावर आहे, चारित्र्यावर नाही, हेही तोच सांगतो. म्हणजे ज्या भयाने हॅम्लेटचा हात थांबला त्याच भयाने स्थावरकाचाही हात थांबला, आणि येथे तो थांबणेच धर्म्य होते.

मग श्रद्धेला दोष कसा द्यायचा? नाटकाचा दहावा अंक याचे उत्तर देतो. चारुदत्ताला सुळावर नेत असताना साखळदंडातला स्थावरक प्रासादावरून खाली उडी टाकतो आणि खुनी कोण ते ओरडून सांगतो. त्या क्षणी त्याला परलोक आठवत नाही. एक निरपराध मरतो आहे एवढेच त्याला दिसते. आणि त्याच्या साक्षीचे काय होते? शकार सांगतो, याने सोने चोरले म्हणून मी याला मारले, त्याचा हा राग आहे; आणि गुलामाची साक्ष फुकट जाते. स्थावरकाच्या ठायी नीती होतीच. तिला तोंड देण्यासाठी कर्मसिद्धान्त ही एकच भाषा त्याला शिकविलेली होती, आणि त्याच भाषेने त्याचे गुलाम असणे न्याय्य ठरविले होते. गरिबाच्या श्रद्धेत जी नीती असते तिचा अपमान करणारा नास्तिक हा शकाराचा दूरचा नातेवाईक समजावा. ती नीती राखून तिची बेडी तोडणे हे खरे काम आहे, आणि अवघड आहे.

हे काम कसे करावे, याचा धडा आगरकरांपेक्षा इतरत्र अधिक मिळतो, हे मान्य केले पाहिजे. आगरकरांचा वाचक इयत्ता शिकलेला होता. कापूस वेचणाऱ्या मजुरिणीपर्यंत ‘सुधारक’ पोचणे शक्य नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले होते. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून तिच्या नवऱ्याकडून अनुष्ठान आणि ब्राह्मणभोजन उकळणारा जोशी, त्यासाठी कर्ज काढणारा कुणबी, आणि प्रत्येक वळणावर प्रेक्षकांकडे वळून त्या लुटीचा हिशेब उघडा करणारा विदूषक. मैत्रेयाचा हा वंशज अंधाराला भीत नाही. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापून लोकांसमोर येण्यास १९७९ साल उजाडावे लागले. आगरकरांचा हॅम्लेट रंगभूमीवर टाळ्या घेत असताना फुल्यांचा विदूषक हस्तलिखितात पडून होता, ही मराठी प्रबोधनाच्या इतिहासातील एक जळजळीत वस्तुस्थिती आहे.

अमरावती जिल्ह्यात शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांना नास्तिक म्हणता येणार नाही. पण त्यांचे कीर्तन हे वऱ्हाडी बोलीतील एक नाटक होते, आणि त्याचा कणा प्रश्न हा होता. बाबा विचारीत, लोक उत्तर देत. उत्तरावर पुन्हा प्रश्न. शेवटी श्रोता स्वतःच्याच तोंडाने कबुली देऊन बसे. बोकड मारू नका, कर्ज काढून सण आणि दिवस करू नका, पोरांना शाळेत घाला, हे निष्कर्ष श्रोत्याला स्वतः काढावे लागत. नवसाचे अर्थशास्त्र याहून स्वच्छ कोणी सांगितलेले नाही. आणि १९२७ च्या नोव्हेंबरात, अंबादेवीच्या देवळाचे दार ज्यांना बंद होते त्यांची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली ती अमरावतीच्या इंद्रभुवन या नाट्यगृहात! देवळात ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते त्यांनी रंगमंचावरून देवळाला प्रश्न विचारला. वऱ्हाडच्या मातीला शंका सोसत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास कोठे ठेवला आहे?

मेळघाटात आजारी तान्ह्या बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची रीत आहे, तिला तेथे ‘डंबा’ म्हणतात. अशी बातमी आली, की शहरातील सुशिक्षित आदिवासींच्या अंधश्रद्धेवर हळहळतो. परंतु जेथे पावसाळ्यात रस्ता तुटतो आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर नसतो, तेथे भुमका रात्री-अपरात्री हजर असतो, हे त्या हळहळीत येत नाही. भुमक्याला दोष देऊन शासन सुटते. अंधश्रद्धेविरुद्धचे आंदोलन आणि दवाखान्यासाठीचे आंदोलन एकाच मोर्चात निघाले पाहिजे; वेगवेगळे निघाले तर पहिले उपदेशाचे होते आणि दुसरे अर्जाचे.

जुनेजाणते ज्या भीतीने हा विषय टाळतात ती सर्वस्वी काल्पनिक आहे, असे कोणी म्हणणार नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी डिसेंबरात संमत झाला. १९१५ साली नव्हे, २०१५ साली कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांना गोळ्या घालण्यात आल्या. आगरकरांची निदान प्रतिमाच जाळली होती. पण या हत्यांनी एक गोष्ट सिद्ध केली: प्रश्न विचारणारा माणूस दुबळा असतो असे निदान मारेकऱ्यांना तरी वाटत नाही.

आणखी एक भूत उरते. ते पक्षाच्या कचेरीतच राहते. थोरांच्या तसबिरी भिंतीवर लावल्या जातात, जयंतीला हार घातले जातात, आणि एखाद्या धोरणावर प्रश्न आला की त्या तसबिरीखालून वाक्ये काढून दाखविली जातात. मार्क्सने म्हटले आहे, लोहियांनी म्हटले आहे, म्हणून ते खरे. हे शब्दप्रामाण्य वेदांच्या शब्दप्रामाण्याहून निराळे कोणत्या अर्थाने? हॅम्लेटने बापाचे भूत खोटे ठरविले नाही. ते तपासले, आणि भूत म्हणत होते ते खरे निघाले. खऱ्या निघणाऱ्या गोष्टीलाही तपासणीची भीती नसावी, एवढा विश्वास पक्षाने आपल्या पूर्वसुरींवर ठेवावयास हरकत नाही. कचेरीत उद्घाटनाला नारळ फुटतो आणि सत्यनारायण घातला जातो, तेव्हा तरी तरुण कार्यकर्त्याच्या प्रश्नाला हसून वाटेला लावू नये.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत कार्यकर्त्यांची शिबिरे उन्हाळ्यात, पेरणीपूर्वी भरतात. त्यांत भाषणांची संख्या एकाने कमी करून एक सायंकाळ ‘तृतीय रत्न’च्या वाचनाला द्यावी. नाटक मोठे नाही. पात्रेही मोजकीच आहेत. नेपथ्याची गरज नाही, दोन सतरंज्या आणि एक दिवा पुरेसा आहे. विदूषकाची भूमिका जिल्हा चिटणीसाला न देता, बैठकीत जास्त प्रश्न विचारतो म्हणून ज्याला मागच्या रांगेत बसविले जाते त्या कार्यकर्त्याला द्यावी, आणि वाचनानंतरच्या चर्चेला वेळेची मर्यादा घालू नये.